सीडी नसलेला संगणक

परवा कपाट आवरताना एक जुनी सीडी हाती लागली. वर मार्करनं लिहिलेलं, ‘क्नॉपिक्स’. अक्षर भाच्याचं. सौ. म्हणाली, टाका आता ती. मी टाकली नाही.

२००६ सालची गोष्ट. एका सकाळी आमचा संगणक काळ्या पडद्यावर थांबला तो थांबलाच. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’. दुकानदार म्हणाला, "सर, विंडोजची सीडी आणा." सीडी आम्हाला मिळालीच नव्हती. "मग फॉरमॅट मारावा लागेल." आणि त्याच डिस्कवर दादांची वही होती! मूळ वही वाळवीनं खाल्ली. त्याआधी दोन सुट्ट्या घालवून मी ती टंकून काढली होती, तेवढीच उरलेली. दुसरी प्रत ठेवली नव्हती. (जन्मभर मुलांना सांगितलं, उत्तरपत्रिका देण्याआधी एकदा तपासा. असो.)

सीडी गेली कुठे, हे मी नंतर शोधत बसलो. १९९५ साली विंडोज ९५ आलं तेव्हा ते तेरा फ्लॉप्यांवरही मिळे. पुढे सीडी आली. संगणक घेतला की सीडी हातात पडे, तांदळाच्या पोत्याबरोबर पावती यावी तशी. नकला फार होऊ लागल्या, म्हणून २००० च्या सुमारास मायक्रोसॉफ्टनं मोठ्या उत्पादकांना पूर्ण विंडोजची सीडी गिऱ्हाइकाला देणं बंद करायला लावलं. २००१ साली एक्सपी आलं, त्याबरोबर ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ आलं. डब्याच्या पाठीवर पंचवीस अक्षरांचा स्टिकर. म्हणजे किल्ली आमच्याकडे, पण दारच नाही.

सीडीऐवजी अनेक उत्पादकांनी हार्डडिस्कचाच एक कोपरा राखून त्यात विंडोज ठेवलं. सुरू करताना एक बटण दाबायचं की संगणक कारखान्यातून आला तसा होतो. तसा, म्हणजे बहुधा तुमच्या फायली पुसून! आणि डिस्कच गेली तर तो कोपराही गेला. घराची जादा किल्ली आतल्याच कपाटात ठेवण्यातला प्रकार. काहींनी पहिल्याच दिवशी स्वतः सीड्या ‘बर्न’ करून घ्यायची सोय दिली होती, पण पहिल्या दिवशी पेढे वाटायचे की सीड्या करायच्या?

लोक निभावून नेत. शेजाऱ्याची सीडी आणत, तर कंपनीच्या स्टिकरवरची अक्षरं दुकानातल्या सुट्या सीडीला चालत नसत. एखादी फाईल हवी असेल तर कधीकधी ती डिस्कवरच ‘आय३८६’ नावाच्या फोल्डरमध्ये सापडे. पण संगणक सुरूच होत नसेल तर तिथवर पोचणार कसं?

आमचा भाचा आला तो ही सीडी घेऊन. "मामा, काही पुसायचं नाही, नुसतं वाचायचं." क्लाउस क्नॉपर नावाच्या जर्मन माणसानं २००० साली क्नॉपिक्स पहिल्यांदा लोकांपुढे ठेवलं. हे लिनक्स डिस्कवर न बसवता सीडीवरूनच चालतं. फुकट, आणि नक्कल करून वाटायला परवानगी. एकीकडे नकलेच्या भीतीनं सीडी काढून घेतलेली, दुसरीकडे नक्कल करा म्हणून दिलेली. अर्ध्या तासात दादांची वही पेनड्राइव्हवर आली.

शाळेतल्या संगणकावर ती उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ. मजकूर जुन्या मराठी फाँटमधला, युनिकोड नव्हे. भाचा परत आला, विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरमधून ती एक फाईल उचलली, आणि ‘श्री’ दिसलं. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

पुढे गोष्टी सोप्या झाल्या. २०१२ पासून, विंडोज ८ च्या वेळी, स्टिकरची अक्षरं संगणकाच्या मदरबोर्डातच जाऊन बसली. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून उतरवून घेऊन पेनड्राइव्ह करता येऊ लागला. फक्त त्यासाठी दुसरा चालता संगणक हवा.

नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. तो आणला त्याच संध्याकाळी आठ जीबीचा पेनड्राइव्ह करून घेतला, चिठ्ठी चिकटवली आणि कपाटात क्नॉपिक्सशेजारी ठेवला. पेढे दुसऱ्या दिवशी आणले.