एका अपॉस्ट्रॉफीची गोष्ट

आजचा भाग एका इवल्याशा खुणेवर आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ग्राहकांचा पत्ता अपडेट करणारा कोड लिहिला. टेस्टिंगमध्ये पाटील, जाधव, कुलकर्णी सगळे पास. लाइव्ह गेल्यावर मात्र वसईच्या एका ग्राहकाचा पत्ता काही केल्या बदलेना. आडनाव डी'मेलो. इंग्रजी स्पेलिंगमधली ती अपॉस्ट्रॉफी बघून डेटाबेसला वाटलं, नाव इथेच संपलं. पुढचं 'मेलो' त्याने कमांड म्हणून वाचलं आणि एरर फेकली. मी वैतागलो, पण माझा सिनियर घाबरला. म्हणाला, "अरे, साध्या नावाने क्वेरी मोडते, म्हणजे कोणीही ती मुद्दाम मोडू शकतो!"

आता जरा मागे जाऊ. 1970 मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. 1974 मध्ये तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 'सीक्वेल' ही भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. आयबीएमच्या 'सिस्टिम आर' प्रकल्पात ही भाषा कोबोल आणि पीएल-वन प्रोग्राममध्ये बसवता यायची. क्वेरी आधीच कंपाइल व्हायची आणि किंमती व्हेरिएबलमधून वेगळ्या यायच्या. म्हणजे बघा, रोग पसरायच्या आधीच औषध तयार होतं!

मग नव्वदच्या दशकात वेब आलं. फॉर्ममध्ये युजरने जे टाइप केलं ते थेट क्वेरीच्या स्ट्रिंगला चिकटवायची सवय पडली. झटपट काम व्हायचं ना! डिसेंबर 1998 मध्ये 'फ्रॅक' या हॅकर मासिकाच्या 54व्या अंकात 'रेन फॉरेस्ट पपी' या टोपणनावाने एकाने लिहून दाखवलं की अशा स्ट्रिंगमध्ये बाहेरचा माणूस स्वतःची कमांड घुसवू शकतो. यालाच आपण एसक्यूएल इंजेक्शन म्हणतो.

अपडेटमध्ये तर हे जास्तच भयंकर. 'व्हेअर'च्या अटीत कोणी "किंवा एक बरोबर एक" एवढं घुसवलं, की अट प्रत्येक ओळीला खरी ठरते. एकाचा पत्ता बदलायला गेलात, सगळ्यांचाच बदलला!

उपाय? रिकाम्या जागा भरा! क्वेरीत किंमतीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि किंमत वेगळी द्यायची. वाक्याची रचना आधीच पक्की झालेली असते, त्यामुळे रिकाम्या जागेत काहीही लिहिलं तरी ते फक्त उत्तरच राहतं, कमांड होत नाही. जावात ही सोय 1997 पासून आहे.

तरीही 2015 मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीवर याच मार्गाने हल्ला झाला. सुमारे 1,57,000 ग्राहकांची माहिती गेली आणि पुढच्या वर्षी कंपनीला 4 लाख पौंड दंड झाला. औषध होतं, घेतलं नव्हतं.

एक लक्षात ठेवा: टेबलचं किंवा कॉलमचं नाव प्रश्नचिन्हातून देता येत नाही. ते युजरकडून येत असेल, तर आपल्या ठरलेल्या यादीशी ताडूनच वापरा.

माझ्या कोडमध्ये शेवटी दोनच ओळी बदलल्या आणि त्या ग्राहकाचा पत्ता अपडेट झाला. त्यांना कळलंही नसेल, पण त्यांच्या आडनावाने बाकी सगळ्यांचा डेटा वाचवला.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये आज एक डी'मेलो टाकून बघा. भेटू पुढच्या भागात!