न दुखणाऱ्या गाठीचा इतिहास

आज बोलायचं आहे ते स्तनाच्या कर्करोगाबद्दल. हा शब्द उच्चारताना आपण आवाज खाली आणतो, पदर सावरतो. पण या आजाराबद्दल आज जे ठाऊक आहे, ते हजारो बायकांनी स्वतःला तपासू दिलं, मोजू दिलं, म्हणून. ही त्यांचीच गोष्ट.

तीनशे वर्षांपूर्वी इटलीत रामाझिनी नावाचे वैद्य होते. कुठल्या कामाने कुठला आजार होतो, हे ते टिपून ठेवत. मठांतल्या जोगिणींना स्तनाचा कर्करोग जास्त होतो, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्यांना मूल नाही, अंगावर पाजणं नाही. या दोन्हींचा काही संबंध असावा, एवढंच तेव्हा दिसलं.

पुढे १९२६ साली इंग्लंडमध्ये जेनेट लेन-क्लेपन या डॉक्टर बाईंनी नीट पडताळा केला. आजार झालेल्या ५०० बायका आणि न झालेल्या ५०० बायका, दोघींना तेच प्रश्न. लग्न कधी झालं, मुलं किती, अंगावर किती पाजलं? उत्तरांतून फरक दिसला. मुलं कमी, लग्न उशिरा, पाजणं कमी, तिथे आजार जास्त.

पुढच्या अभ्यासांनी यादी वाढवली. वाढतं वय, पाळी लवकर सुरू होणं किंवा उशिरा जाणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, आई-बहिणीला हा आजार असणं. पण ही यादी दोष द्यायला नाही हं. मूल नसलेल्या बाईला गाव आधीच पुष्कळ बोलतं, त्यात ही भर नको. आणि चार मुलांना पाजलेल्या, घरात कुणालाच आजार नसलेल्या बाईलाही तो होतो. म्हणून लक्ष सगळ्यांनीच ठेवायचं.

मग प्रश्न आला, लवकर ओळखायचा कसा? १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२,००० बायकांचे दोन गट केले. एका गटाला दरवर्षी हाताने तपासणी आणि स्तनाचा एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफी, यासाठी बोलावलं. दहा वर्षांनी पाहिलं तर त्या गटात या आजाराचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते.

पण गावोगावी हे यंत्र कुठून आणायचं? चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त कामगार बायकांवर दुसरा प्रयोग झाला. निम्म्या जणींना स्वतःचे स्तन चाचपायला शिकवलं. २००२ साली निकाल आला, मृत्यू कमी झाले नव्हते. म्हणजे घरी चाचपलं, काही लागलं नाही, म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

तिसरा प्रयोग आपल्या मुंबईचा. १९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाने वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायका निवडल्या. निम्म्या जणींना दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, हाताने तपासलं. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. २०२१ साली वीस वर्षांचा हिशेब छापून आला. तपासलेल्या गटात आजार लवकरच्या पायरीवर सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही. तरीही शिकलेला हात यंत्राविना जीव वाचवू शकतो, हे आपल्याच बायकांनी दाखवून दिलं.

आज सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बाईची दर पाच वर्षांनी अशी तपासणी सांगितली आहे. आशाताईंना विचारा, उपकेंद्रात कोणत्या दिवशी होते ते. एकटीला लाज वाटत असेल तर बचतगटाच्या बैठकीनंतर पाचजणी मिळून जा.

आणि दोन तपासण्यांच्या मध्ये स्तनात किंवा काखेत गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. सगळ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच आपण ती अंगावर काढतो. दुखलं की जाऊ, असं म्हणू नका. न दुखणारी गाठच आधी दाखवा.