कोळशाने रेखाटलेली सास्ती

चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यातील सास्ती हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते तेथील कोळसा खाणीमुळे. चित्रकार प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ साली याच गावी झाला. त्यांच्या कुटुंबातील तीन पिढ्यांनी खाणीत काम केले. त्यांनी कोळशाने चित्रे काढावीत यात नवल नाही. नवल आहे ते त्यांतील माणसांचे. खाणकामगाराच्या धडावर मस्तकाऐवजी कधी दिवा येतो, तर कधी घर वा अवजार. (चित्रकाराचा कोळसा अर्थात लाकडी असतो, खाणीतला दगडी नव्हे, पण पाहणाऱ्याच्या मनात हा भेद उरत नाही.)

वर्धा खोऱ्यातील कोळसा उत्खनन एकोणिसाव्या शतकातले. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंदही पडली. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर खाणींचा विस्तार झाला आणि उघड्या खाणी वाढल्या. भूमिगत खाणीत माणूस जमिनीखाली उतरतो, वर शेत राहू शकते. उघड्या खाणीत मात्र शेतच उचलले जाते आणि शिवाराच्या जागी खड्डा व मातीचे डोंगर उरतात. बांध, पायवाटा, झाडे यांची आठवण मग केवळ बोलण्यात राहते. पाचपुते यांच्या चित्रांचा विषय हाच आहे.

खैरागढ येथे व नंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. मुंबईच्या क्लार्क हाऊसमध्ये २०१२ साली त्यांचे ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे प्रदर्शन झाले. विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून खाणीत नेल्या जाणाऱ्या पक्ष्याचा संदर्भ या नावास आहे. थेट भिंतीवर काढलेली प्रचंड रेखाटने आणि एकेक चित्र टिपून केलेले ॲनिमेशन ही त्यांची ओळख. भिंतीवरचे चित्र प्रदर्शन संपले की पुसले जाते. नाहीशा झालेल्या गावांविषयीच्या कलेला हे साजेसेच म्हणावे लागेल.

साओ पावलो (२०१४), इस्तंबूल (२०१५) व कोची (२०१८) येथील द्वैवार्षिक प्रदर्शनांत त्यांच्या कलाकृती होत्या. २०२१ साली वेल्समधील ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार सहा कलावंतांना विभागून देण्यात आला. त्यांत पाचपुते होते. वेल्सही कोळशाचाच मुलूख. तेथील खाणकामगारांच्या लढ्यांच्या खुणा आणि भारतातील कामगार-शेतकऱ्यांची आंदोलने कार्डिफमधील त्यांच्या कलाकृतींत शेजारी शेजारी आली.