नाशिकची ऑक्सिजन गळती: सरकारी रुग्णालयात चूक झाली तर जबाबदार कोण, आणि ते ठरतं कसं?

कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, २१ एप्रिल २०२१ रोजी दुपारी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली. वॉर्डांमध्ये जाणाऱ्या ऑक्सिजनचा दाब घटला. ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरवर असलेल्या २२ रुग्णांचा मृत्यू झाल्याचं प्रशासनाने त्या दिवशी सांगितलं. नंतरच्या बातम्यांमध्ये हा आकडा २४ असाही आला.

त्यानंतर समिती नेमली गेली, गुन्हा दाखल झाला, मदत जाहीर झाली आणि उच्च न्यायालयानेही विचारणा केली. तरी तीन महिन्यांनी संसदेत उत्तर आलं की, ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची वेगळी नोंद राज्यांनी कळवलेली नाही.

या दोन गोष्टी एकाच वेळी कशा घडू शकतात? सरकारी आरोग्यसेवेत उत्तर देणं कोणावर बंधनकारक असतं? आणि सामान्य माणूस ते उत्तर कसं मागू शकतो?

त्या दिवशी नेमकं काय बिघडलं?

मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजन प्रत्येक खाटेजवळ सिलिंडर ठेवून दिला जात नाही. आवारात द्रवरूप ऑक्सिजनची मोठी टाकी असते. झाकीर हुसेन रुग्णालयातली टाकी १३ किलोलीटरची होती. टाकीतला ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. वेपोरायझरमधून जाताना त्याचा वायू होतो आणि ठरावीक दाबाने तो पाइपलाइनमधून खाटांपर्यंत पोहोचतो.

या व्यवस्थेत सगळा खेळ दाबाचा असतो. टाकीत ऑक्सिजन शिल्लक असला, तरी गळतीमुळे दाब पडला की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला तो मिळत नाही. म्हणूनच पाइपलाइनला पर्यायी सिलिंडरची रांग जोडलेली असावी लागते. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. मुख्य पुरवठा थांबला की पाइपलाइनला ऑक्सिजन तिथून मिळायला हवा.

नाशिकमध्ये टाकी उभारण्याचं आणि चालवण्याचं काम खासगी कंपनीकडे होतं. रुग्णालय महापालिकेचं होतं. अशा टाक्यांची परवानगी आणि सुरक्षेचे नियम केंद्राच्या अखत्यारीत येतात. म्हणजे एका टाकीमागे किमान तीन जबाबदार घटक उभे होते.

सरकारने काय केलं?

राज्य सरकारने तेव्हाचे विभागीय आयुक्त राधाकृष्ण गमे यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची उच्चस्तरीय समिती नेमली. भद्रकाली पोलीस ठाण्यात अज्ञात व्यक्तींविरुद्ध निष्काळजीपणामुळे मृत्यू, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड विधानातील कलम ३०४-अ खाली गुन्हा दाखल झाला. मृतांच्या वारसांना राज्य सरकारकडून ५ लाख आणि महापालिकेकडून ५ लाख रुपयांची मदत जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेबाबत राज्य सरकारकडून स्पष्टीकरण मागवलं.

या चार गोष्टी एकसारख्या वाटतात, पण त्यांची कामं वेगवेगळी आहेत:

- मदत म्हणजे सानुग्रह अनुदान. ती दिली म्हणजे सरकारने चूक मान्य केली असं होत नाही, आणि ती घेतली म्हणजे नातेवाइकांचा दावा संपला असंही होत नाही.
- पोलीस तपास व्यक्तीचा गुन्हा शोधतो. डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात ठरवलं आहे की, फौजदारी खटल्यासाठी साधी चूक पुरत नाही, गंभीर स्वरूपाचा निष्काळजीपणा दिसावा लागतो.
- चौकशी समिती व्यवस्थेत काय चुकलं हे पाहते. तिने शिक्षा सुनावायची नसते, शिफारशी करायच्या असतात.
- न्यायालयाची विचारणा सरकारला प्रतिज्ञापत्रावर उत्तर द्यायला लावते. पत्रकार परिषदेतलं वाक्य फिरवता येतं. प्रतिज्ञापत्रातलं सहज फिरवता येत नाही.

समिती आणि आयोग यांत फरक काय?

बातमीत दोन्हीला 'चौकशी' म्हणतात, पण कायद्याच्या नजरेत फरक मोठा आहे.

सरकारने शासन आदेश काढून नेमलेली समिती ही प्रशासकीय समिती असते. तिचा अहवाल सरकारकडे जातो. तो जाहीर करायचा की नाही, कधी करायचा, शिफारशींवर काय करायचं, हे बहुतेक वेळा सरकारच ठरवतं.

चौकशी आयोग कायदा, १९५२ खाली नेमलेल्या आयोगाला मात्र साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. ज्याच्या प्रतिष्ठेला धक्का बसू शकतो त्याला बाजू मांडू द्यावी लागते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, राज्य सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल, त्यावर काय कारवाई केली याच्या टिपणासह, सहा महिन्यांच्या आत विधिमंडळात मांडणं अपेक्षित असतं.

नाशिकसाठी पहिला मार्ग निवडला गेला. महाराष्ट्रातल्या इतर रुग्णालय दुर्घटनांमध्येही साधारण हाच शिरस्ता दिसतो.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळं दगावली. तिथेही समिती नेमली गेली आणि जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, त्यात ११ रुग्ण मरण पावले. त्या चौकशीची जबाबदारीही नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडेच आली. तिथे वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांना अटक झाली तेव्हा एक जुना प्रश्न पुन्हा विचारला गेला: अग्निसुरक्षेच्या कामासाठी निधी कोणी अडवला, मंजुरी कोणी लांबवली, याचा हिशेब कोण मागणार? कक्षात ड्युटीवर असलेली माणसं लगेच सापडतात. फाइल अडवणारा हात शोधायला वेळ लागतो.

मग 'ऑक्सिजनअभावी मृत्यू नाही' हे उत्तर कुठून आलं?

२० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी हे लेखी उत्तर दिलं. त्या नाशिक जिल्ह्यातल्याच दिंडोरी मतदारसंघाच्या तेव्हाच्या खासदार. उत्तराचा आशय असा होता: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यूंची नोंद कशी करायची याच्या सूचना केंद्राने दिल्या आहेत, राज्यं नियमित आकडे पाठवतात, आणि त्यांत ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे झालेले मृत्यू वेगळे कळवलेले नाहीत. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही ऑक्सिजनच्या तुटवड्यामुळे महाराष्ट्रात मृत्यू झाले नसल्याची भूमिका घेतली.

हे उत्तर शब्दशः खोटं नव्हतं. अडचण नोंदीच्या पद्धतीत होती.

रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र भरतात. त्यात तात्काळ कारण, त्यामागचं कारण आणि मूळ आजार लिहायचा असतो. कोविडच्या रुग्णाच्या बाबतीत तिथे श्वसनक्रिया बंद पडणं, न्यूमोनिया, कोविड-१९ असा क्रम येतो. 'पुरवठा थांबला' हा आजार नाही, म्हणून त्याला रकाना नाही. रकाना नसलेली गोष्ट जिल्ह्याकडून राज्याकडे आणि राज्याकडून केंद्राकडे जात नाही.

दुसरा मुद्दा शब्दांचा. 'तुटवडा' म्हणजे ऑक्सिजन उपलब्धच नसणं. नाशिकमध्ये टाकी होती, ऑक्सिजनही होता, गळतीमुळे तो रुग्णापर्यंत पोहोचला नाही. त्यामुळे ही घटना 'अपघात' या खात्यात गेली. घरच्या माणसासाठी दोन्हींचा शेवट एकच असतो. सरकारी उत्तरात मात्र दोन्ही वेगळे मोजले जातात.

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीला हा युक्तिवाद पटला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मांडलेल्या आपल्या १३७ व्या अहवालात तिने मंत्रालयाच्या भूमिकेवर नाराजी व्यक्त केली आणि राज्यांच्या मदतीने ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंचं ऑडिट करण्याची शिफारस केली.

इतर देशांनी काय केलं?

ब्रिटनने आपल्या २००५ च्या चौकशी कायद्याखाली कोविडची जाहीर चौकशी सुरू केली. निवृत्त न्यायाधीश हेदर हॅलेट तिच्या अध्यक्ष आहेत. माजी पंतप्रधान आणि मंत्र्यांच्या साक्षी लोकांना थेट पाहता आल्या. पूर्वतयारीवरचा पहिला अहवाल जुलै २०२४ मध्ये आला, त्यात १० शिफारशी होत्या. चौकशीने सरकारकडून सहा महिन्यांत उत्तर मागितलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने ते दिलं.

यातून ब्रिटनमधले मृत्यू परत येणार नाहीत, आणि चौकशीच्या खर्चावर तिथेही टीका होते. पण कोणती शिफारस मान्य केली, कोणती नाही आणि का, हे तिथला नागरिक वाचू शकतो. भारतात राष्ट्रीय पातळीवर अशी जाहीर चौकशी झालेली नाही.

नाशिकमध्ये कोणतं रुग्णालय कोणाच्या ताब्यात?

तक्रार करताना इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

- झाकीर हुसेन, नाशिकरोडचं बिटको: नाशिक महापालिका. उत्तर देणार वैद्यकीय आरोग्य विभाग आणि आयुक्त.
- जिल्हा शासकीय रुग्णालय (सिव्हिल), उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं: राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग. जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक, त्यांच्या वर आरोग्य उपसंचालक.
- प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं: जिल्हा परिषद. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी.

महापालिकेत प्रशासनाला जाब विचारण्याची जागा म्हणजे स्थायी समिती आणि महासभा. नाशिकच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घ काळ प्रशासकीय राजवट होती. म्हणजे दुर्घटनेनंतर वर्षभरातच, पाठपुरावा करणारं निवडून आलेलं सभागृहच उरलं नव्हतं.

नागरिकाला काय करता येतं?

१. माहिती अधिकार. २००५ च्या कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. जीविताशी संबंधित माहिती असेल तर ४८ तासांत. उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाचं खंडपीठ नाशिकमध्येही आहे.

'दुर्घटनेची सर्व माहिती द्या' असा मोघम अर्ज टाळावा. कागद मागावा: चौकशी अहवालाची प्रत, शिफारशींवर केलेल्या कार्यवाहीचा अहवाल, टाकीच्या देखभालीचा करार, शेवटच्या ऑक्सिजन आणि अग्निसुरक्षा तपासणीची तारीख व अहवाल.

'तपास सुरू आहे' एवढंच सांगून माहिती नाकारली गेली, तर अपिलात एक मुद्दा मांडता येतो. माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याला दाखवावं लागतं, नुसता तपास प्रलंबित असणं पुरेसं नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ च्या भगतसिंग प्रकरणात म्हटलं आहे.

२. उपचारांची कागदपत्रं. रुग्ण किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रं द्यावीत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. पुढच्या प्रत्येक दाव्याचा पाया हीच कागदपत्रं असतात.

३. न्यायालय. सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात सांगितलं आणि पैशांची टंचाई हे त्यावरचं उत्तर मानलं नाही. या निकालाच्या आधारे उच्च न्यायालयात रिट किंवा जनहित याचिका करता येते.

४. लोकप्रतिनिधी. आमदाराने विधिमंडळात तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं आणि ते कामकाजात नोंदलं जातं. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं. 'ऑक्सिजनच्या तुटवड्याने किती मृत्यू झाले?' याचं उत्तर शून्य येऊ शकतं. 'ऑक्सिजन पुरवठा कोणत्या रुग्णालयात, किती वेळ खंडित झाला आणि त्या काळात किती रुग्ण दगावले?' या प्रश्नाला शून्य हे उत्तर देणं नाशिकच्या बाबतीत तरी शक्य नाही.