सिल्कस्टोन : कोळशाचे गाव आणि २६ मुले

सिल्कस्टोन हे इंग्लंडच्या साउथ यॉर्कशर परगण्यातील, बार्न्सली शहराच्या पश्चिमेस वसलेले लहानसे गाव. येथील भूगर्भातील कोळशाचा एक थर या गावाच्याच नावाने ओळखला जातो. १८०९ साली गावापासून बार्न्सली कालव्याच्या बार्नबी धक्क्यापर्यंत घोड्यांनी ओढावयाच्या वाघिणींचा मार्ग सुरू झाला. त्यामुळे कोळसा जलमार्गे दूरच्या बाजारपेठांत पोहोचू लागला.

खाणीत त्या काळी मुलेही राबत. हवा खेळती ठेवणारी दारे अंधारात बसून उघडायची व मिटायची, हे लहानग्यांचे काम. थोडी मोठी मुले-मुली कोळशाच्या गाड्या ढकलीत. गावाच्या परिसरातील हस्कर खाणीत ४ जुलै १८३८ रोजी हीच मुले मृत्यूच्या दाढेत सापडली. त्या दुपारी भीषण वादळी पाऊस झाला आणि कामगारांना वर ओढणारे वाफेचे यंत्र बंद पडले. वाट पाहून कंटाळलेली काही मुले डोंगरउतारावर उघडणाऱ्या तिरप्या भुयाराने बाहेर पडू लागली. एरवी क्षीण असणारा जवळचा ओढा एकाएकी फुगून त्या भुयारात घुसला. पाण्याच्या लोंढ्याने मुले आतील दारावर आपटली. दार पाण्याच्या दाबाने उघडेना. २६ मुले बुडाली. त्यांत ११ मुली होत्या. काहींनी वयाची दहा वर्षेही पुरी केली नव्हती. आत थांबून राहिलेले कामगार मात्र वाचले, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

गावच्या ऑल सेंट्स चर्चच्या आवारात १८४१ मध्ये स्मारक उभारले गेले. त्यावरील लेखात ही घटना ईश्वरी कोप म्हणून वर्णिली आहे. मुले खाणीत का होती, हा प्रश्न संसदेत मात्र विचारला गेला. लॉर्ड ॲशली यांच्या पुढाकाराने १८४० साली चौकशी आयोग नेमण्यात आला व १८४२ च्या खाण कायद्याने सर्व स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलांना भूमिगत कामास बंदी झाली. दहा वर्षांचा मुलगा मात्र कायद्याच्या लेखी खाणीत उतरण्यास योग्यच राहिला! शिवाय अंमलबजावणीसाठी प्रारंभी साऱ्या देशास एकच निरीक्षक होता.

दुर्घटनेस दीडशे वर्षे झाली तेव्हा, १९८८ मध्ये, नॅब्ज वुड या वनराईत ग्रामस्थांनी दुसरे स्मारक उभारले. जुन्या वाघिणींच्या मार्गाचे दगडही गावात काही ठिकाणी अद्याप दिसतात.