दोन फुटांचा समुद्र आणि त्यातले शेजारी

आजच्या भागात मागे सारखा बुडबुड आवाज येईल. इअरफोन बदलू नका, तो माझ्या टँकचा आवाज आहे. बदलापूरच्या आमच्या घरात, मी रेकॉर्डिंग करतो त्या टेबलाशेजारीच हा दोन फुटी टँक आहे. साधारण ६० लिटर पाणी, आणि तेही खारं. आत दोन क्लाऊनफिश, म्हणजे तुमचे निमो, एक वॉचमन गोबी आणि एक पिस्तूल कोळंबी. बस, एवढंच.

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "अरे, एवढी जागा आहे, अजून चार रंगीत मासे टाक की!" २०१९ साली मीही असाच विचार केला होता. त्याचं काय झालं ते सांगतोच. पण कुठला मासा कुणाबरोबर ठेवायचा, हा प्रश्न आला कुठून ते आधी बघू. त्यासाठी पावणेदोनशे वर्षं मागे, थेट लंडनला जावं लागेल.

साल १८४६. अ‍ॅना थिन नावाच्या बाई इंग्लंडच्या किनाऱ्यावर टॉर्कीला गेल्या होत्या. तिथे त्यांना जिवंत प्रवाळ सापडले आणि ते त्या लंडनच्या घरी घेऊन आल्या. आता लंडनमध्ये समुद्र कुठला? पाणी किनाऱ्यावरून मागवायचं, आणि ते शिळं झालं की प्रवाळ मरायचे. मग त्यांनी एक युक्ती केली. उघड्या खिडकीसमोर उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं, पुन्हा परत ओतायचं, असं अर्धा-पाऊण तास. म्हणजे हवा पाण्यात मिसळते. ओतायचं काम अर्थातच घरातल्या छोट्या मोलकरणीचं. हे ओतणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतर आला रॉबर्ट वॉरिंग्टन. हा केमिस्ट. त्याने १८५० साली आपला प्रयोग छापला. प्रयोग गोड्या पाण्याचा होता, दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. हिशोब सोपा, वनस्पतीने ऑक्सिजन द्यायचा, माशांनी तो घ्यायचा. पण वनस्पतीची पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. तेव्हा वॉरिंग्टनने तिसरा मासा आणला नाही. त्याने गोगलगायी आणल्या. गोगलगायी कुजलेली पानं खायच्या आणि त्यांची अंडी माशांच्या पोटात जायची. पाणी स्वच्छ झालं. एकत्र कोण राहील हे ठरवताना त्याने रंग बघितला नाही, काम बघितलं. मला विचाराल तर ह्या छंदातला सगळ्यात मोठा धडा तिथेच लिहून झाला होता. आपण तो वाचला नाही, एवढंच.

वाचला नाही कारण लगेच फॅशन आली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द घराघरांत गेला. त्याच वर्षी गॉसने घरच्या घरी समुद्राचं पाणी बनवायची रेसिपीही छापली. आज मी आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ मिसळतो, तो त्याच कल्पनेचा वारसा. समुद्रापासून लांब बदलापुरात खारा टँक चालतो तो ह्यामुळेच. पण पुस्तक वाचून लोक किनाऱ्यांवर तुटून पडले. खडकांमधल्या डबक्यांतून जे मिळेल ते बरण्यांत भरून नेऊ लागले. गॉसच्याच मुलाने पुढे १९०७ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात, ती डबकी कशी उजाड झाली ह्याची हळहळ लिहिली.

आपल्याकडे ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर पोचली १९५१ साली. मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते, आणि नाव दोन लाख रुपये देणाऱ्या पारशी दानशूराचं. मुंबईच्या आसपास वाढलेल्या कितीतरी पोरांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा तिथेच बघितला. मीही. बाबांचं बोट धरून, बदलापूर लोकलने. त्या वयात एक गोष्ट डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. तिथे समुद्र रस्त्यापलीकडे होता, टँक मोठाले होते, आणि तरीही कुणालाही कुणाबरोबर कोंबलेलं नव्हतं.

आता येऊ २०१९ वर. नवी नोकरी, हातात पगार, आणि डोक्यात 'फाइंडिंग निमो'. टँक आणला. नव्या टँकमध्ये माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर थांबायचं. मी थांबलो नाही. कुठेतरी ऐकलं होतं की निळा डॅमसेल काटक असतो, तो पहिल्या दिवसापासून टिकतो. तो टाकला. टिकला. मग दोन क्लाऊनफिश टाकले. मग एक छोटा ब्लू टँग, म्हणजे डोरी. विकत घेताना तो बोटाएवढा होता. वाढला की फुटभर होतो आणि दिवसभर पोहायला लांबलचक जागा मागतो, हे मी नंतर वाचलं. एप्रिलमध्ये तो मेला.

डॅमसेलने एव्हाना सगळा टँक आपल्या नावावर करून घेतला होता. हा मासा आधी येतो आणि सातबारा घेऊनच बसतो. नंतर येणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी घुसखोर. आणि गंमत बघा, क्लाऊनफिश आणि डॅमसेल एकाच कुळातले. सारखा आकार, सारखं खाणं, सारख्याच कपारी. म्हणजे आपल्याकडे बांधावरून चालते ती भाऊबंदकीच, फक्त पाण्यात.

क्लाऊनफिशची स्वतःची घडीही नाजूक असते. समुद्रफुलात राहणारा मासा असतो हे कथबर्ट कॉलिंगवूडने १८६८ मध्ये जगाला सांगितलं. पण त्यांच्या घरातला कारभार कळायला १९७७ उजाडलं. त्या वर्षी 'नेचर'मध्ये आलेल्या फ्रिके दांपत्याच्या अभ्यासातून दिसलं की गटातली सगळ्यात मोठी असते ती मादी, तिच्याखालचा नर, आणि बाकीचे रांगेत. मादी गेली तर नराचीच मादी होते. म्हणून छोट्या टँकमध्ये दोनच ठेवायचे, एक मोठा आणि एक लहान, म्हणजे भांडण न होता जोडी ठरते. दोन मोठ्या माद्या ठेवल्यात तर एक मरणार हे धरून चाला. तिसरा ठेवलात तर तो रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहून मार खातो.

हे सगळं मला कळायच्या आत २६ जुलै आली. २०१९ची. त्या रात्रीचा पाऊस बदलापूरकर विसरणार नाहीत. उल्हास नदी फुगली, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारभर प्रवासी दुसऱ्या दिवशी बाहेर काढले. आमच्याकडे लाइट गेली. लाइट गेली म्हणजे फिल्टर बंद, पंप बंद. मी मोबाइलच्या उजेडात मगने टँकचं पाणी काढून उंचावरून परत ओतायला लागलो. आई चिडली. "तिकडे माणसं गाडीत अडकलीत आणि तुझं हे काय चाललंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा मिनिटांनी तिनेच माझ्या हातातून मग घेतला. "तू जरा पड," म्हणाली. १८४६ ची ती मोलकरीण मला तेव्हा माहीत नव्हती. नंतर तिच्याबद्दल वाचलं तेव्हा मला आई दिसली.

सकाळी डॅमसेल ठणठणीत होता. क्लाऊनफिश दोन्ही गेले होते, कल्ले फाटलेले. पाण्याचे हाल होतेच, पण त्यांना वर हवेजवळ येऊ दिलं नव्हतं ते ह्या पठ्ठ्याने. राग त्याच्यावर आला आणि मग ओसरला. त्याने त्याचा स्वभाव पाळला. त्याला आधी आणि एकट्याला टँकमध्ये सोडणारा मी होतो.

डॅमसेल मी उल्हासनगरच्या एका मित्राकडे दिला, त्याचा टँक चार फुटी आहे. त्याची दादी पिशवीकडे बघून म्हणाली, "मीठे पानी का है या खारे का?" मला वाटलं सहज विचारतेय. पण ती सिंधमधून लहानपणी आलेली, कल्याण कॅम्पच्या बराकीत वाढलेली. १९४९ साली राजगोपालाचारींनी त्या कॅम्पला उल्हासनगर नाव दिलं तेव्हा ती शाळेत होती. तिच्या देव्हाऱ्यात झूलेलाल, पल्ला माशावर बसलेले. पल्ला म्हणजे आपला पाला, बंगाल्यांचा हिल्सा. हा मासा समुद्रात राहतो आणि अंडी घालायला सिंधू नदीत उलटा पोहत वर जातो. खारं आणि गोडं, दोन्ही पाणी पेलणारे मासे थोडेच. बाकीच्यांचं शरीर एकाच पाण्यासाठी बनलेलं असतं. दादीने विचारला तोच पहिला प्रश्न आहे. आधी पाणी, मग जागा, मग शेजारी.

माझं ऑफिस ऐरोलीला आहे. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाऊनफिशची पैदास केली जाते. ते कळल्यावर मी ठरवलं की समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचा नाही. आताची माझी जोडी टँकमध्येच जन्मलेली आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडे तर २००१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे कुणी "लाइव्ह रॉक देतो" म्हणालं तर हात जोडा आणि निघा. माझे दगड सिरॅमिकचे आहेत.

आणि ती कोळंबी? पिस्तूल कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती दिवसभर बीळ खणते. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. तिची मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की तो शेपटी हलवतो आणि दोघं आत. एकाला घर मिळतं, दुसरीला डोळे. वॉरिंग्टनच्या गोगलगायीसारखंच हे. फक्त दगड वाळूवर ठेवू नका, तळाच्या काचेवर बसवा. नाहीतर ती खालून खणते आणि दगड अंगावर येतो.

तुम्ही सुरू करणार असाल तर एवढं करा. पाण्याची टेस्ट करा, अमोनिया आणि नायट्राइट शून्य येईपर्यंत मासा आणू नका. नवा मासा आधी वेगळ्या टबात तीन-चार आठवडे ठेवा, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सगळ्या टँकला लागत नाही. शांत मासे आधी, हक्क गाजवणारा सगळ्यात शेवटी, आणि छोट्या टँकमध्ये तर नकोच. उन्हाळ्यात पाणी आटलं की भर घालताना साधं आरओचं पाणी घाला, कारण मीठ आटत नाही. आणि बॅटरीवरचा एअर पंप आजच घेऊन ठेवा, जुलैची वाट बघू नका.

आमच्याकडे तो आहे आता. तरी पावसाळ्यात लाइट गेली की आई आधी विचारते, "मग कुठेय?"

चला, भेटू पुढच्या भागात.