फिल्म निर्मिती आणि सल्ल्याची भागीदारी फर्म : कॅमेऱ्याआधी कागद

दोन मित्र एकत्र येतात, माहितीपट आणि जाहिराती बनवतात, अधूनमधून दुसऱ्यांना पटकथा, बजेट यावर सल्लाही देतात. आपल्या घरांतली बरीच मुलं आज हे काम करताहेत. आम्ही दोघांनीही कुर्ल्यातल्या एका खोलीत तेच सुरू केलं. भागीदारीपत्र स्टॅम्पपेपरवर केलं, सह्या केल्या आणि फाईल कपाटात ठेवून दिली.

एका संस्थेसाठी बारा मिनिटांची फिल्म केली. शेवटचा हप्ता एक लाख चाळीस हजारांचा होता, तो अडकला. वकिलाकडे गेलो तर त्यांचा पहिलाच प्रश्न: फर्म रजिस्टर आहे का? नव्हती. भारतीय भागीदारी कायदा, 1932 नुसार नोंदणी सक्तीची नाही, पण कलम 69 प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्या माणसावर दिवाणी दावा करता येत नाही. नोंदणी नंतरही करता येते, फक्त ती दावा दाखल होण्याआधी झालेली हवी. आम्ही रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे अर्ज केला खरा, पण तोवर घरभाडं थकलं होतं आणि निम्म्या रकमेवर तडजोड करून बसलो.

दुसरा प्रश्न मामूंच्या पैशांचा. त्यांनी तीन लाख दिले, "व्याज नको, फिल्म चालली तर हिस्सा द्या" म्हणाले. आता हे कर्ज की भागीदारी? कर्ज म्हटलं तर फिल्म पडली तरी परत करायचं. भागीदार म्हटलं तर फर्मच्या सगळ्या देण्यांना मामू वैयक्तिकरीत्या जबाबदार, वेळ आली तर त्यांचं घरसुद्धा. नफ्यात हिस्सा मिळतो एवढ्यावरून कोणी भागीदार ठरत नाही, हे कलम 6 मध्ये स्पष्ट आहे. म्हणून वेगळा करार केला: पैसा त्याच एका फिल्ममध्ये, हिस्सा त्याच फिल्मच्या नफ्यातला, तोटा त्यांच्या रकमेपुरता. एक लक्षात घ्या, भागीदारीपत्रात नफ्याचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर कायदा सगळ्या भागीदारांना सारखा वाटा देतो, मग भांडवल कोणाचं कितीही असो.

फिल्म कोणाची, यावर तर सख्ख्या मित्रांत अबोला होतो. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे फिल्मचा पहिला मालक साधारणपणे निर्माता. पण कोणी मोबदला देऊन बनवून घेतली, तर वेगळा करार नसल्यास मालक तो ग्राहक! पटकथेचा हक्क मुळात लिहिणाऱ्याचा. तो फर्मला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. सल्ला देताना हे जास्त नडतं. सांगितलेली कल्पना चहाबरोबर संपते, कल्पनेवर कॉपीराइट नसतो. म्हणून आम्ही आता आधी फीचं पत्र पाठवतो, मग बोलतो.

इस्माईल मर्चंट मुंबईचे. 1961 मध्ये त्यांनी जेम्स आयव्हरीबरोबर कंपनी काढली. पैसा आणि जुळवाजुळव मर्चंटकडे, दिग्दर्शन आयव्हरींकडे, बऱ्याच पटकथा रूथ प्रॉवर झाबवालांच्या. 2005 मध्ये मर्चंट वारले तोवर ही जोडी टिकली. (सेटवर मर्चंट स्वतः बिर्याणी-करी करून लोकांना खाऊ घालत, तेही बजेटच समजा.) आमच्यातही हिशेब एकाकडे, कॅमेरा दुसऱ्याकडे. सल्ल्याची फी वेगळ्या खात्यात जाते, कारण भाडं तिच्यातूनच निघतं. ती एकदा फिल्ममध्ये घातली की परत दिसत नाही.

दोघांच्याच फर्ममध्ये एकाचा इंतकाल झाला तर फर्म तिथेच संपते. मग फुटेज कोणाचं, येणं कोणी वसूल करायचं, हे वारसांना कसं कळणार? आमच्या भागीदारीपत्राला आता हार्डडिस्कची आणि येण्याची यादी जोडलेली आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये ती नवीन करतो आणि एकेक प्रत दोघांच्या घरी देतो.